चर्चा कोण संपवितो?

कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाने वसलेली विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत आहे. घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानणारा विडी व सिगार कामगार कायदा 1966 साली झाला. तो रद्द करणारी संहिता, आणखी दोन कामगार संहितांसह, राज्यसभेने 23 सप्टेंबर 2020 रोजी मंजूर केली. त्या दिवशी विरोधी बाके रिकामी होती. आठ सदस्यांच्या निलंबनामुळे विरोधकांनी बहिष्कार घातला होता. 1 ऑक्टोबरपर्यंत चालावयाचे अधिवेशन त्याच दिवशी बेमुदत तहकूब झाले. साथीचे कारण दिले गेले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु वेळ थोडा होता, तर कामगारांचे कायदेच त्यात का उरकावेत? बहिष्कारामागील संताप रास्त होता. तथापि त्याने सरकारची वाट अधिकच सोपी केली, हेही नमूद केले पाहिजे.

बैठक तहकूब करण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांचा. सत्रसमाप्ती राष्ट्रपती करतात, राज्यात राज्यपाल. अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. घटनेचे बंधन एवढेच, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. सत्रसमाप्तीने विधेयक मरत नाही. लोकसभेच्या विसर्जनाने मात्र तिच्यापुढील विधेयके व्यपगत होतात. राज्यसभेने 2010 साली संमत केलेले महिला आरक्षण विधेयक 2014 मध्ये असेच गेले. पुढे 2023 साली नवे आणावे लागले.

चर्चा थांबविण्याची रीत निराळी. ‘प्रश्न आता मतास टाकावा’ असा प्रस्ताव कोणीही सदस्य मांडू शकतो. त्याने वाजवी चर्चेच्या हक्कास बाध येतो असे वाटल्यास अध्यक्ष तो स्वीकारीत नाहीत. अर्थसंकल्पापुरते याहून कठोर हत्यार आहे, ते गिलोटिन. मागण्यांसाठी नेमलेल्या अखेरच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या एकगठ्ठा मतास टाकतात. मार्च 2023 मध्ये सुमारे 45 लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प लोकसभेने गोंधळात, चर्चेविना असाच संमत केला. गोंधळात सत्ताधारी बाकेही सामील होती, हे विशेष!

याच्या उलट प्रसंगही घडला आहे. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च 1976 मध्ये संपत होती. आणीबाणीत सरकारने ती कायद्याने वाढविली. म्हणजे एरवी चर्चा लवकर संपविणारे सरकार तेव्हा स्वतःची मुदतच संपू देईना. मधू लिमये त्या वेळी तुरुंगात होते. जनतेने दिलेली पाच वर्षे संपली, म्हणून त्यांनी आणि शरद यादव यांनी लोकसभेचे राजीनामे दिले. नियमांच्या आधारे सरकारला जेरीस आणणाऱ्या लिमयांनी तेव्हा नियमाने मिळत असलेली जागा नाकारली.

कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आहेत. त्यांखालील राज्याचे नियम विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे लागतात. ते अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात येतात की अखेरच्या दुपारी, हे कुंभारीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या आमदारांना आधीच विचारून ठेवावे.