समुद्राकडे पाठ



आपल्या वास्तुकारांच्या संमेलनात अध्यक्षाने पहिली पाच मिनिटं आभारात घालवावीत असा प्रघात आहे. ते मी चहाच्या वेळी एकेकाला गाठून मानीन. आज बोलायचं आहे ते गुहागरच्या घरांबद्दल.

गुहागरचा वरचा पाट, खालचा पाट ज्यांनी पायी पाहिलाय त्यांना आठवेल. गावातला रस्ता किनाऱ्याच्या बाजूबाजूने जातो. पश्चिमेकडची घरं रस्त्याकडे तोंड करून बसलेली. मागे विहीर, नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की पुळण. एवढा जवळ समुद्र, आणि घराची त्याच्याकडे पाठ! शहरातल्या गिऱ्हाइकाला हे कोडंच वाटतं. त्याला अंथरुणात पडल्यापडल्या लाटा हव्या असतात.

तीस वर्षांपूर्वी मीही त्याच मताचा होतो. एका घराच्या नकाशात मी पश्चिमेची आख्खी भिंत काढून काच लावली. मालकाच्या म्हाताऱ्या आत्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “गणपती कुठं बसवायचा? आणि आषाढात या काचेपुढे कोण उभं राहणार, तू?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पावसाळ्याने दिलं. पहिल्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणार, तोही वाऱ्यावर आडवा. त्यातून जांभ्याच्या जाड भिंती आल्या, खाली उतरलेली वळचण आली, पावसाळ्यापुरती पडवीला बांधायची झापं आली. हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि तिथेच थांबतो. पण मच्छीमारांच्या वस्तीवर काही वेगळा पाऊस पडत नाही. तिथली घरं एकमेकांना खेटून असतात, लक्ष होड्यांकडे, आणि पडवी पाहुण्यांपेक्षा जाळ्यांच्या कामाची. पाऊस तोच, दगडही तोच, घर मात्र निराळं.

आणि कौल? ज्याच्याशिवाय आपल्याला घर ‘अस्सल कोकणी’ वाटत नाही, ते मंगलोरी कौल १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला काढलेल्या कारखान्यातून निघालं. त्याआधी इथे नळ्याची कौलं होती, गवत होतं. छप्पर बदललं, पण आतली मांडणी हलली नाही.

ती मांडणी म्हणजे कोणी कुठपर्यंत यायचं याचा हिशेब. अंगण, पडवी, ओटी, माजघर, देवघर. परिसंवादात आपण याला ‘अवकाशाची उतरंड’ वगैरे म्हणतो. गावात ते सरळ होतं : कूळ अंगणात, ओळखीचा पडवीत, बरोबरीचा ओटीवर, सोयरा माजघरात. काही माणसांना अंगणाचीही बंदी होती. घरातली बाई महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत. ओटीवरच्या झोपाळ्याचे फोटो आपण हौसेने छापतो. मागच्या पडवीचा फोटो मी तरी कुठल्या कॉफी टेबल बुकात पाहिलेला नाही. घर मोजायला गेलात तर दोन्ही मोजा. जे गेलं ते बरं झालं, पण नकाशातून खोडू नका.

आता आत्यांचा पहिला प्रश्न. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण मूळ घरातला गणपती कित्येक ठिकाणी एकच राहतो. म्हणून वाटणी झाली तरी गणपतीच्या जागेत भिंत पडत नाही. वर्षभर दोन म्हातारी माणसं ज्या घरात असतात, तिथे भाद्रपदात मुंबईहून आलेली तीस-चाळीस माणसं निजतात. आपण दिलेल्या दोन बेडरूमच्या बंगल्यात ती कुठे निजणार? अंगणात मांडव घालून! तो मांडव आपल्या नकाशात नसतो, म्हणून तिथे आपण गाडीसाठी काँक्रीट ओततो.

दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, गणपतीच्या वर माटवी टांगतात : लाकडी चौकट, तिला रानातली फळं, फुलं, सुपाऱ्या, नारळ. लाकडी तुळया होत्या तोवर दोरी कुठेही बांधता येई. स्लॅब आला आणि लोक शिडीवर चढून छताला भोकं पाडायला लागले.

तेव्हा अध्यक्ष म्हणून माझं मागणं लहानच आहे. कोकणात काम घेतलंत तर आधी भाद्रपदात त्या घरी जा, जेवा, जमलं तर मुक्काम करा. आणि सिंधुदुर्गात असाल तर स्लॅब ओतायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईला जागा विचारा आणि माटवीसाठी चार कड्या सोडा.