तिकिटाची मागची बाजू
(शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



टपाल तिकिटे जमविणारा एखादा तरी विद्यार्थी आपल्या वर्गात असतोच. त्याच्या संग्रहातील एका दुर्लक्षित विभागाविषयी, म्हणजे साहाय्यनिधीच्या तिकिटांविषयी, मी आज बोलणार आहे. असे तिकीट टपालाच्या दरापेक्षा थोड्या अधिक किमतीला विकले जाते आणि वरची रक्कम जखमी, निर्वासित किंवा रुग्ण यांच्या साहाय्यासाठी जाते.

बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हियाने १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. स्वातंत्र्य आले, पण कागद नव्हता. पुढच्याच महिन्यात निघालेले पहिले तिकीट जर्मन लष्कराच्या नकाशांच्या पाठीवर छापावे लागले. १९१९ मध्ये राजधानी रीगा काही महिने बोल्शेविकांच्या ताब्यात होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बेर्मोंट-अव्हालोव्हच्या सैन्याने तिच्यावर चाल केली. दोन्ही सत्तांनी आपापल्या नोटा छापविल्या. सत्ता गेल्या, छापखान्यातील अपुऱ्या नोटांचे ताव मागे राहिले.

१९२० मध्ये रेडक्रॉससाठी तिकिटे काढण्याचे ठरले, तेव्हा याच तावांच्या कोऱ्या बाजू उपयोगी पडल्या. चित्र आहे जखमी सैनिकाला आधार देणाऱ्या करुणेच्या मूर्तीचे. एका तिकिटावर '२०-३०' असे आकडे आहेत : वीस कापेइका टपालाचे, तीस विक्रीची किंमत. वरचे दहा रेडक्रॉसचे. ज्यांच्याशी लढताना सैनिक जखमी झाले, त्यांच्याच नोटांचा कागद त्या जखमींच्या शुश्रूषेसाठी कामी आला.

आपणासही अशा तिकिटांचा अनुभव आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी आपल्या सरकारने टपालावर पाच पैशांचा अधिभार बसविला. आरंभी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' अशी अक्षरे उमटवून ते काढण्यात आले. आपला अधिभार सक्तीचा होता, लाटव्हियाचे तिकीट स्वेच्छेचे. तथापि निकडीच्या वेळी हाताशी असेल ते वापरावे, हे दोन्हीकडे सारखेच.

आता एक कबुली. बालपणी एका आप्ताने मला ते लाटव्हियाचे तिकीट दिले होते. चित्र आवडले म्हणून मी ते खळ लावून वहीत घट्ट चिकटविले. बऱ्याच वर्षांनी त्याच्या पाठीवर काय असते हे वाचनात आले. ते सोडवू गेलो, तर तिकीट फाटले आणि पाठ वहीच्या पानालाच राहिली. माझ्या अजाणतेपणाने इतिहासाचा निम्मा पुरावा नष्ट झाला.

यास्तव माझी एकच विनंती आहे. विद्यार्थ्यांना तिकिटे गोंदाने चिकटवू देऊ नका. पारदर्शक खिशात ठेवावयास सांगा. आणि कोणी नवे तिकीट दाखवावयास आणले, तर देशाचे नाव विचारण्याआधी त्याला ते उलटून पाहावयास सांगा.