हातांत मावणारा लेसर

२०२३ सालची अनंत चतुर्दशी नाशिककरांच्या स्मरणांत एका खेदकारक कारणानें राहिली आहे. विसर्जनाच्या मिरवणुकींत लेसरचे रंगीत झोत गर्दीवरून फिरले आणि पुढील कांहीं दिवसांत दृष्टि अधू झाल्याची तक्रार घेऊन कांहीं तरुण शहरांतील नेत्रवैद्यांकडे गेले. तपासणींत त्यांच्या डोळ्यांच्या आंतील पडद्यास, म्हणजे दृष्टिपटलास, इजा झाल्याचें आढळलें. या पडद्यास वेदनेची जाणीव नसते. त्यामुळें तो भाजला जात असतांना माणसास त्याची वार्ताही नसते.

त्याच जातीचा प्रकाश, परंतु कितीतरी सौम्य रूपांत, आज शाळेंतील एखादा हौशी मुलगा घरच्या मेजावर उत्पन्न करूं शकतो. लागणारे सुटे भाग स्वस्त आहेत व शहरांत सहज मिळतात. अशा हौसेस उत्तेजन द्यावें कीं आळा घालावा, हा पालकांपुढील प्रश्न आहे. तें यंत्र कसें चालतें हें समजल्यावांचून त्याचें उत्तर देतां येणार नाहीं.

सिंहस्थांत रामकुंडावर जमणारी गर्दी डोळ्यांपुढें आणावी. कोणी इकडे, कोणी तिकडे, ज्याची त्याची चाल निराळी. साध्या दिव्याचा प्रकाश तसा असतो. त्याच पर्वणीस आखाड्यांची मिरवणूक निघते, ती एका वाटेनें व एका शिस्तीनें. लेसरचा प्रकाश या मिरवणुकीसारखा आहे. त्यांतील तरंग एका रंगाचे, एका दिशेचे व एका तालावर चालणारे असतात. एका तरंगानें दुसऱ्यास जागें करावें व आपल्याबरोबर चालवावें, ही कल्पना आइन्स्टाइननें १९१७ सालीं मांडली. ती प्रत्यक्षांत उतरण्यास त्रेचाळीस वर्षें लागलीं. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण काढला. १९६२ सालीं तेथेंच रॉबर्ट हॉल यानें अर्धवाहकाचा लेसर केला; आज हातांत मावणारे लेसर याच वंशांतील आहेत. आपल्या देशांत तुर्भे येथील अणुशक्ति-संस्थेनें अवघ्या कांहीं वर्षांत तसा लेसर तयार केला. १९६४ सालीं कारखान्यांत पोलाद कापणाऱ्या कार्बन-डायऑक्साइड लेसरचा शोध लावणारे कुमार पटेल हे तर बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले. तेव्हां हा विषय महाराष्ट्रास परका नाहीं.

हातांतील लेसरचे भाग चारच : लेसर-डायोड, त्यास प्रवाह पुरविणारें मंडल, किरण सरळ करणारें भिंग आणि हें सर्व धरणारी धातूची नळी. नवशिक्यानें ५ मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दोनशेवा भाग, यांहून अधिक शक्तीचा डायोड घेऊं नये. त्याचा रंग तांबडा व तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असावी.

डायोड हा साखरेच्या दाण्याहून लहान स्फटिक असून अतिशय नाजूक असतो. अंगावरील कपड्यांच्या घर्षणानें जी वीज सांठते, तिच्या एका ठिणगीनेंही तो निकामी होतो. बॅटरी त्यास सरळ जोडली तर तो तापतो. तापला कीं अधिक प्रवाह घेतो. अधिक प्रवाहानें अधिक तापतो आणि क्षणांत संपतो. म्हणून त्यास मोजका प्रवाह द्यावा लागतो. एल्. एम्. ३१७ नांवाचा तीन पायांचा छोटा नियंत्रक हें काम चोख करतो. त्याच्या दोन पायांमध्यें एक रेझिस्टर जोडला कीं तो त्यावर १.२५ व्होल्टचा दाब कायम ठेवतो. रेझिस्टर ८२ ओहमचा असेल तर प्रवाह सुमारें १५ मिलिअँपिअर, ५६ ओहमचा असेल तर सुमारें २२ आणि ४७ ओहमचा असेल तर सुमारें २७. हा भागाकार पांचवी-सहावींतील मुलासही येतो. नऊ व्होल्टची बॅटरी त्यास पुरते.

मंडल तयार होतांच डायोड जोडण्याची घाई करूं नये. प्रथम त्याच्या जागीं साधा डायोड ठेवून मीटरवर प्रवाह मोजावा. मग सर्वांत मोठा रेझिस्टर लावून आरंभ करावा. लहान प्रवाहांत लेसर-डायोड केवळ मंद तांबूस दिसतो. प्रवाह एका मर्यादेपलीकडे गेला कीं तोच प्रकाश एकाएकीं तेजस्वी होतो. मेमनच्या माणकांत जें घडलें तेंच येथें घडतें, आणि मुलास तें आपल्या हातानें घडवितां येतें. मात्र उत्पादकानें दिलेल्या मर्यादेबाहेर प्रवाह केव्हांही नेऊं नये.

डायोडची उष्णता वाहून नेण्यास पितळेचें किंवा तांब्याचें वेष्टण उत्तम. ज्या नाशिकच्या तांबटांनीं पिढ्यान्‌पिढ्या भांडीं घडविलीं, तेथें पितळेचा तुकडा मिळण्यास अडचण नाहीं. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कोणीही कुशल कारागीर लेथवर तशी नळी कातून देईल.

आतां डोळ्यांविषयीं. डोळ्याचें भिंग समोरून आलेला किरण इतक्या बारीक बिंदूवर आणतें कीं दृष्टिपटलावर त्याची तीव्रता सुमारें लाखपट होते. एक मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य किरणापासून पापणी पाव सेकंदांत मिटून डोळा वांचविते. ५ मिलिवॅटला हा भरंवसा कमी पडतो, आणि ५०० मिलिवॅटच्या वरचा किरण भिंतीवर पडलेला पाहणेंही घातक ठरूं शकतें. म्हणून मोडक्या डी. व्ही. डी. लेखकांतून काढलेला डायोड पहिल्या प्रयोगास नसावा. त्याची शक्ति शंभर मिलिवॅटच्या पुढें जाऊं शकते. हिरव्या स्वस्त लेसरमधून अदृश्य अवरक्त किरणही निसटतात. उन्हाचा काळा चष्मा येथें निरुपयोगी आहे. किरण मेजावर, डोळ्यांच्या पातळीच्या खालीं असावा. त्याच्या वाटेंत आरसा वा चकचकीत भांडें नसावें. आणि शेवटीं तो खरखरीत पुठ्ठ्यावर थांबावा.

हें सर्व करून पुढें काय? एक प्रयोग असा : पुठ्ठ्यास छिद्र पाडून किरण त्यांतून समोर एक मीटरवर ठेवलेल्या जुन्या सी. डी.वर सरळ पाडावा. पाहणाऱ्यानें मागें, किरण निघतो त्याच बाजूस, बाजूला बसावें. चकतीवरील रेषांमध्यें १.६ मायक्रोमीटरचें अंतर असतें, म्हणून किरण फाटतो व छिद्रापासून सुमारें ४४ सेंटिमीटरवर पुठ्ठ्यावर तांबडा ठिपका उमटतो. तें अंतर पट्टीनें मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढतां येते. मिलिमीटरचा सहस्रांशाहूनही लहान भाग शाळकरी पट्टीनें मोजला गेला, हा आनंद विकत मिळत नाहीं.

संक्रांतीस गच्चीवर पतंग उडवितांना हा किरण मात्र आकाशाकडे वळवूं नये. ओझरला उतरणाऱ्या विमानाच्या चालकाचे डोळे त्यानें क्षणभर दिपले तरी परिणाम गंभीर होऊं शकतो.

मिरवणुकींतील तो झोत ज्यानें गर्दीवर वळविला, त्यानें त्याची शक्ति बहुधा कधीं मोजली नसेल. ज्या मुलानें रेझिस्टर बदलून एकेक मिलिअँपिअर वाढविला, डायोड जळतांना पाहिला आणि दुसरा जपून जोडला, त्यास मर्यादा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. म्हणून पालकांनीं ही हौस मोडूं नये. पहिल्या दिवशीं त्याच्या शेजारीं बसावें आणि किरण कोठें थांबतो हें त्याच्याबरोबर पाहावें.