पंख्यावर बसून पाहिलेलं पाणी

मंगरूळपीर तालुक्यात हरभऱ्याला, संत्र्याला ओलीत करताना विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाचा आवाज कधी कधी बदलतो. आत खडे फिरल्यासारखी खडखड येते. पंप उघडावा तर खडा एकही नसतो. पंख्याची पाती मात्र खरवडलेली, बारीक भोकं पडलेली दिसतात. हे काम पाण्याचंच आहे, आणि ते संगणकाच्या पडद्यावर आता पाहता येतं.

मोटार मिनिटाला साधारण 2880 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 48. डोळ्याला तिथं काय दिसणार? किर्लोस्करवाडीत 1920च्या दशकात पंप बनू लागले, तेव्हा पात्याला बाक किती द्यायचा हे गणित, अनुभव आणि चाचणी यांवरच ठरायचं. आज अभियंते पंख्यातली जागा लाखो बारीक घरांत वाटतात आणि घराघरातला वेग नि दाब संगणकाकडून काढून घेतात. हाती येतो आकड्यांचा ढीग. त्याचं चित्र काढणं, हीच खरी कसोटी.

काठावर उभं राहून पाहावं तशा प्रवाहरेषा काढल्या, तर पाणी नुसतं गरगरताना दिसतं. रेषा पात्यांच्या आरपार गेल्यासारख्या वाटतात. त्यातून पंख्याच्या फिरण्याचा वेग वजा केला, की आपण जणू पंख्यावरच बसतो. मग त्याच आकड्यांतून पाणी पात्याला कुठं धरून वाहतं, कुठं सुटून भोवरा करतं, ते उघड होतं. मला या साध्या वजाबाकीचं फार अप्रूप वाटतं.

दाबाच्या चित्रात निळा रंग सहसा कमी दाबाचा. पाणी पंख्यात शिरतं तिथं, पात्याच्या मागच्या अंगाला, निळा पट्टा दिसतो. 30 अंशांचं पाणी सुमारे 4.2 किलोपास्कल दाबाला उकळतं; हा हवेच्या दाबाचा जेमतेम चोविसावा हिस्सा. दाब तिथवर उतरला, की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठतात, पुढं दाब वाढताच मिटतात आणि मिटताना धातूवर टोले हाणतात. मात्र रंगांची पट्टी चित्र काढणाराच ठरवतो. ती रुंद धरली तर हा पट्टा दिसेनासाही होतो. म्हणून आधी पट्टीवरचे आकडे वाचावेत आणि चाचणीत मोजलेल्या दाबाशी ताडून पाहावेत.

उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली, की हाच निळा पट्टा पात्यावर पसरतो. खडखड ऐकू आली तर मोटार बंद करा, जाळी साफ करा आणि जमेल तितका पंप पाण्याजवळ उतरवा.