शाळांचा वाढता खर्च आणि मालमत्ता कर : जयपूरच्या संदर्भात



शाळांवरील खर्च वाढला की त्याचा भार कोणावर तरी पडतोच. तो नेमका कोणावर पडतो, हे त्या देशातील करांच्या रचनेवर अवलंबून असते. अमेरिकेत या भाराचा मोठा हिस्सा स्थानिक घरमालक उचलतात. जयपूरमध्ये मात्र सरकारी शाळांचा खर्च वाढला म्हणून घराच्या कराचे देयक वाढत नाही. या दोन व्यवस्थांची तुलना केल्यास शहरांच्या वित्तव्यवस्थेतील एक मूलभूत प्रश्न स्पष्ट होतो.

स्थानिक कराचे गणित

अमेरिकेत शालेय जिल्हा हे सामान्यतः स्वतंत्र स्थानिक शासन असते. अंदाजपत्रकातून राज्याचे व केंद्राचे अनुदान वजा केल्यावर उरणारी रक्कम प्रामुख्याने मालमत्ता करातून उभी केली जाते. समजा, एका जिल्ह्यातील करपात्र मालमत्तेचे मूल्य १,००० कोटी रुपये आहे. शाळांचा खर्च १० कोटी आणि अनुदान ४ कोटी असेल, तर उरलेल्या ६ कोटींसाठी कराचा दर ०.६ टक्के ठेवावा लागेल. पुढील वर्षी खर्च ११ कोटी झाला आणि अनुदान व मालमत्तेचे मूल्य तेवढेच राहिले, तर दर ०.७ टक्के होईल. ५० लाखांच्या घराचा कर ३० हजारांवरून ३५ हजारांवर जाईल. म्हणजे खर्चात १० टक्के वाढ झाली असता करात सुमारे १७ टक्के वाढ होते. वाढीचा संपूर्ण भार स्थानिक हिश्श्यावर पडतो, हे त्याचे कारण होय.

या व्यवस्थेत करदाता जागरूक राहतो. परंतु श्रीमंत वस्तीला कमी दरातही पुरेसा निधी मिळतो आणि गरीब वस्तीला जास्त दर लावूनही तो मिळत नाही. ही विषमता घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिग्ज या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दिला. दुसरीकडे, कराच्या वाढत्या ओझ्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९७८ मध्ये 'प्रस्ताव १३' संमत करून मालमत्ता कराला मर्यादा घातली. परिणामी शाळांच्या निधीची मोठी जबाबदारी राज्याकडे गेली.

जयपूरमधील स्थिती

जयपूर शहरातील सरकारी शाळांचा कारभार राज्याचा शिक्षण विभाग पाहतो आणि शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून होते. समग्र शिक्षा योजनेत राजस्थानसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. केंद्राने २००४ मध्ये लावलेला २ टक्के शिक्षण उपकर आणि २०१८ पासूनचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर हे मालमत्तेवरील कर नाहीत. प्राप्तिकर भरणारा नागरिक आजही हा उपकर देतो. शिक्षणाचा भार घरावर नव्हे, तर उत्पन्नावर व उपभोगावर पडतो. कलम २१ अ नुसार सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याने बालकाची शाळा त्याच्या वस्तीच्या श्रीमंतीवर अवलंबून नसावी, हे या रचनेचे मोठे समर्थन आहे.

मात्र तिची दुसरी बाजूही आहे. राजस्थानात १९९८ मध्ये जकात रद्द झाली. २००७ मध्ये गृहकराची जागा नगरीय विकास कराने घेतली आणि लहान निवासी भूखंडांना त्यातून सूट मिळाली. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात उपग्रह चित्रांच्या आधारे बंगळुरू व जयपूर या शहरांचा अभ्यास मांडण्यात आला होता. ही शहरे मालमत्ता कराच्या क्षमतेपैकी केवळ ५ ते २० टक्के वसुली करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पंधराव्या वित्त आयोगाने कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि वसुलीत राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या गतीने वाढ करणे, या अटी नागरी संस्थांच्या अनुदानाला जोडल्या, त्यामागे हेच वास्तव होते.

घटनेतही हा फरक दिसतो. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 'प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण' असा स्पष्ट विषय आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे एवढाच उल्लेख आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने जमिनी व इमारतींवर राज्य शिक्षण उपकर आहे. महापालिका तो मालमत्ता करासोबत वसूल करून राज्याकडे भरतात. मुंबईत महापालिका स्वतः शाळा चालवते आणि स्वतःचा शिक्षण उपकरही घेते. त्यामुळे मुंबईच्या नागरिकाला देयकात शाळेसाठीची रक्कम निदान दिसते. तरीही शाळांचा खर्च वाढला म्हणून उपकराचा दर आपोआप वाढत नाही.

समतोलाची दिशा

वेतन हा खर्च टाळता येत नाही. निधी अपुरा पडला की कात्री लागते ती देखभालीला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात सरकारी शाळेचे छत कोसळून सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. गाव असो वा शहर, छताची गळती आधी दिसते ती तेथील लोकांना; पण दुरुस्तीसाठी पैसा व अधिकार त्यांच्या हाती नसेल तर प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे पाठवून वाट पाहावी लागते.

यातून मध्यम मार्ग सुचतो. वेतन व समान दर्जाची हमी यांचा खर्च राज्य व केंद्र यांनीच करावा. इमारत दुरुस्ती, पाणी व स्वच्छतागृहे यांसाठी मात्र मालमत्ता करातील ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, तो देयकात स्वतंत्रपणे दाखवावा आणि दुर्बल प्रभागांना राज्याने पूरक अनुदान द्यावे. असे झाल्यास नागरिकाला आपल्या कराचा हिशेब विचारता येईल आणि बालकाच्या हक्काला वस्तीच्या श्रीमंतीची अट लागणार नाही. शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे. सुरक्षित वर्गखोलीसाठी त्याला भक्कम स्थानिक वित्तव्यवस्थेचा आधार मिळणे अगत्याचे आहे.