एक रिकामी जागा

मुंबईहून नागपूरमार्गे निघालेली मेल हावड्याला येऊन थांबते. समोर हुगळी, आणि पैलतीरावर कलकत्त्याचे विधानसभा-भवन. १९४६ च्या जुलैत बंगालच्या याच विधानसभेने मुंबईच्या एका विद्वानाला घटना समितीवर निवडून दिले. ते विद्वान म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घटना समितीचे सभासद प्रांतिक विधानसभांनी निवडावयाचे होते. मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाला बळ नव्हते. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परंतु २० जून १९४७ रोजी त्याच विधानसभेत प्रांताच्या फाळणीचा कौल पडला. बंगाल दुभंगला आणि बाबासाहेबांचे सभासदत्वही संपुष्टात आले.

सिनेटमधील रिकामी जागा राज्याच्या कायदेमंडळाने भरण्याची प्रथा अमेरिकेत १९१३ पर्यंत होती. व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ग्रेसन १७९० च्या मार्चमध्ये निवर्तले. गव्हर्नरांनी जॉन वॉकर यांना तात्पुरते नेमले. पुढे कायदेमंडळ भरले, तेव्हा त्याने जेम्स मन्रो यांची निवड केली. हेच मन्रो कालांतराने राष्ट्राध्यक्ष झाले. रिकामी जागा लहान दिसते. पण तीत कोण बसतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मुंबईतही तेच घडले. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने प्रांताची एक जागा रिकामी होती. ३० जून १९४७ रोजी घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी बाळासाहेब खेरांना पत्र लिहिले: बाबासाहेबांना तातडीने निवडून पाठवावे. मुंबईच्या विधानसभेत बहुमत काँग्रेसचे होते, आणि बाबासाहेब तर काँग्रेसचे कठोर टीकाकार. तरीही जुलैमध्ये त्या सभागृहाने त्यांना निवडले. पक्षाचे बहुमत विरोधकाच्या विद्वत्तेसाठी वापरले गेले, हे या निवडणुकीचे खरे महत्त्व होय.

१५ ऑगस्ट रोजी बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्ट रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५२ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. तेव्हा मुंबई विधानसभेच्या सभासदांनीच त्यांना राज्यसभेवर पाठविले. त्या राज्यसभेची निवडपद्धती ज्या घटनेत आहे, तिच्या मसुद्यावर बाबासाहेबांचाच हात फिरला होता.