माशांच्या ताटातील धान्य
(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



तमिळनाडूतील कुंभकोणम हे गाव मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापिले, आणि १८५५ साली ते खालसा होईपर्यंत त्या प्रदेशात मराठीचा वावर राहिला. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी एका मराठी कुटुंबात झाला. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि मधोमध हे देवळांचे गाव. येथील महामहम तलावावर बारा वर्षांनी एकदा मोठा स्नानमेळा भरतो. श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण येथेच झाले. गणितावाचून अन्य विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे येथील सरकारी महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एका विषयाचा ध्यास घेणाऱ्या विद्यार्थ्याचे काय करावे, हा प्रश्न त्या गावाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहिला. आजच्या भाषणाचा विषयही अशाच एका अरुंद वाटणाऱ्या वाटेचा आहे. ती वाट म्हणजे माशांच्या आहाराचे शास्त्र.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी आणि भात यांचे राज्य आहे. कालवे, तळी, भातखाचरे आणि त्यांत आपसूक वाढणारे मासे हे तेथील जुने दृश्य. तलावात कटला, रोहू आणि मृगळ सोडायचे, भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड टाकायची आणि वर्षअखेर जाळे ओढायचे, ही रीत भारतभर चालत आली. मात्र तलावात सोडण्याचे बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्याच १९५७ साली अमेरिकेत जॉन हॅल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनूक सामन माशाला आहारातून दहा अमिनो आम्ले मिळालीच पाहिजेत, हे प्रयोगाने सिद्ध केले. एकीकडे बीजाचा प्रश्न सुटला. दुसरीकडे त्या बीजाला खाऊ काय घालावे, या प्रश्नाला शास्त्राचे रूप आले.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मासा शीतरक्ताचा, अंग उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. शरीरातील टाकाऊ नत्र तो अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो, त्यातही त्याची फारशी शक्ती खर्च होत नाही. म्हणूनच कोंबडी किंवा गुराच्या मानाने तो खाल्लेल्या अन्नाचे मांसात रूपांतर किफायतीने करतो. परंतु त्याला प्रथिने अधिक लागतात. रोहू-कटल्याच्या खाद्यात साधारण पंचवीस ते तीस टक्के, तर मांसाहारी माशांच्या खाद्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने घालावी लागतात. रोहूला जठरच नसते; ट्राउट माशाला पिष्टमय अन्न नीट पचत नाही. मत्स्यपालनाच्या खर्चातील निम्म्याहून अधिक वाटा अनेकदा खाद्याचाच असतो. त्यामुळे एका टक्क्याचा हिशेब चुकला तरी शेतकऱ्याचा नफा पाण्यात जातो.

या प्रथिनांसाठी अनेक दशके सर्वांत सोयीची वस्तू होती सुकवून दळलेली माशांची भुकटी. पेरूच्या किनाऱ्यावरील अँचोव्ही असो वा आपल्याकडील तारली, लहान मासा दळायचा आणि मोठ्या माशाला घालायचा. यात एक नैतिक पेच आहे. तारली हा गरिबाच्या ताटातला मासा. तो दळून श्रीमंताच्या ताटातला मासा पोसायचा, तर मत्स्यशेतीने अन्न वाढविले की केवळ एका ताटातून उचलून दुसऱ्या ताटात वाढले? या प्रश्नाचे उत्तर घोषणांनी मिळणारे नव्हते. ते टाकीतील माशांना विचारावे लागले.

ज्यांनी हे काम आयुष्यभर केले, त्यांत सदाशिवम कौशिक हे दाक्षिणात्य वळणाचे नाव ठळक आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेत ते संशोधन संचालक होते. बास्क प्रदेशातील सेंट-पे-सुर-निव्हेल या लहानशा गावी असलेल्या मत्स्यपोषण प्रयोगशाळेचे त्यांनी नेतृत्व केले आणि पुढे कॅनरी बेटांवरील विद्यापीठात काम केले. १९९५ साली त्यांचा व सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ट्राउटच्या खाद्यातील मत्स्यभुकटीच्या जागी अंशतः किंवा पूर्णतः सोयाबीनचे प्रथिन वापरले तर काय होईल, हा त्याचा विषय. मासा वाढतो की नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रथिनांचा उपयोग किती झाला, सोयाबीनमधील संप्रेरकसदृश द्रव्यांचा परिणाम होतो का, रक्तातील कोलेस्टेरॉल किती आणि शेवटी मांसाचा दर्जा कसा, हेही त्यांनी तपासले. नऊ वर्षांनी, २००४ साली, समुद्री सीबास माशावरील निबंध आला. वनस्पतिजन्य प्रथिनांनी मत्स्यभुकटीची ‘जवळजवळ संपूर्ण’ जागा घेता येते, असे त्याचे शीर्षकच सांगते. त्यातील ‘जवळजवळ’ हा शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. जितके सिद्ध झाले तितकेच म्हणायचे, हा संयम त्या एका शब्दात आहे.

एका माशावरून दुसऱ्या माशावर जाण्यास नऊ वर्षे का लागावीत? कारण प्रत्येक धान्यात काही तरी उणे असते. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी, मका-गव्हाच्या ग्लुटेनमध्ये लायसिन कमी. वनस्पतीतील पुष्कळसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. तो माशाला पचत नाही आणि विष्ठेवाटे पाण्यात जातो. समुद्री माशांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले आपल्या शेतातील धान्यात नसतातच. त्यामुळे भुकटीला पर्याय सापडला तरी मत्स्यतेलाचा प्रश्न अधिक अवघड राहिला. आमटीत डाळ कमी पडली तर पाणी वाढवून भागते. येथे तसे भागत नाही.

या संशोधनाची रोजची रूपरेषा पाहिली तर अनेकांचा हिरमोड होईल. सारख्या आकाराच्या टाक्या, सारख्या वजनाची पिल्ले, वेगवेगळी खाद्ये. आठ ते बारा आठवडे मोजून खाऊ घालायचे, ठरल्या दिवशी उपाशी ठेवून वजन करायचे. किती अन्न पचले हे कळण्यासाठी खाद्यात न पचणारे एखादे खूणद्रव्य मिसळायचे आणि विष्ठेतील त्याचे प्रमाण मोजायचे. पाण्यात विष्ठा विरघळून हिशेब चुकतो, म्हणून सेंट-पे येथील संशोधकांनी वाहत्या पाण्यातून ती आपोआप वेगळी करणारे यंत्रच तयार केले. विद्वत्तेच्या वाटेवर असेही काम असते, आणि ते नीट झाले नाही तर पुढची सारी गणिते व्यर्थ.

हे काम कशासाठी, हे कुंभकोणमच्या पूर्वेला समुद्राकडे गेले की कळते. १९९० नंतरच्या वर्षांत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली. भातशेतीत आणि पिण्याच्या पाण्यात खारेपणा शिरल्याच्या तक्रारी आल्या. तळ्यांतील उरलेले खाद्य व घाण कालव्यांत जाऊ लागली. भूमिहीनांसाठी आयुष्य वेचणारे गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील, पारंपरिक पद्धतीची वगळता, कोळंबीची तळी हटविण्याचा आदेश दिला. त्यातून पुढे नियमनाची व्यवस्था आली आणि २००५ साली तटवर्ती मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा झाला. कायदा तळे कोठे असावे हे सांगतो. त्या तळ्यात टाकलेल्या खाद्यातील नत्र व फॉस्फरस माशाच्या अंगी किती लागेल आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे किती जाईल, हे मात्र पोषणशास्त्रच सांगू शकते.

पालकांसाठी येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘मासे पाळायला एवढे शिकायचे कशाला?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. या विषयासाठी दूर जावे लागत नाही. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि मत्स्यपोषण, जीवरसायन व शरीरक्रिया यांचा स्वतंत्र विभाग तेथे आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. नागपूर व उदगीर येथेही आहे. या शिक्षणासाठी रसायनशास्त्र व जीवशास्त्र पक्के हवे, हिशेबाची आवड हवी आणि चिखलात उतरण्याची लाज नको.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला येथे आणखी एक जबाबदारी मिळते. शोधनिबंध इंग्रजीत लिहिले जातील, ते तसेच चालेल. परंतु भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलावांवर पोट भरणाऱ्या ढीवर बांधवांना खाद्याच्या पोत्यावर छापलेली प्रथिने, स्निग्धांश व तंतूंची टक्केवारी कोणी तरी त्यांच्या भाषेत उलगडून सांगितली पाहिजे. पेंड किती, कोंडा किती, आभाळ भरून आले आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की खाऊ का थांबवायचा, हे ज्ञान तळ्याच्या काठी पोहोचले नाही तर प्रयोगशाळेतील बारा आठवडे अर्धेच कामी आले, असे म्हणावे लागेल. ज्याने ‘प्रथिन’ हा शब्द या शाळेच्या फळ्यावर प्रथम वाचला, त्याला हे सांगणे अवघड जाऊ नये.

साठ वर्षांत या शाळेतून कितीतरी मुले नाना वाटांनी गेली. उद्या एखादी मुलगी घरी येऊन म्हणेल की, मासे काय खातात याचा अभ्यास करायचा आहे. तेव्हा तिला हसू नये. तिच्या अभ्यासाने तारलीची एक टोपली दळणात न जाता कोणाच्या तरी चुलीवर पोहोचली, तरी या शाळेचे ऋण फिटले असे समजावे.